जैतूनबीची बांगडी

मांजरा नदीत अजून वाळू शिल्लक होती, तेव्हाची ही गोष्ट. हातोळ्यात जैतूनबी नावाची मणेरीण राहायची. गावातली प्रत्येक नवरी, हिंदू असो की मुसलमान, तिच्याच हातून बांगड्या भरून घ्यायची. असं म्हणतात, जिच्या मनात लग्न नसेल तिच्या मनगटावर जैतूनबीची बांगडी चढत नसे.

एकदा लतीफनं आपल्या शाळकरी लेकीचा, सगीराचा, निकाह एका उतारवयाच्या व्यापाऱ्याशी ठरवला. बांगडी अंगठ्यापाशीच अडली.

"साबण लावा, चाची," लतीफ म्हणाला.

"साबणानं हात सरकेल रे, मन कसं सरकेल? काझी पोरीची मर्जी विचारतो, तेव्हा उत्तर तिची फुफी, म्हणजे आत्या, देते. आज पोरगी देईल."

सगीरा म्हणाली, "मला नाही करायचं." निकाह मोडला.

मग दर शुक्रवारी जैतूनबीच्या अंगणात बायका जमू लागल्या. कुराणाचा अर्थ आपल्या बोलीत वाचू लागल्या. आसपासच्या गावांतही अशी अंगणं उभी राहिली. जमातीनं तिला वाळीत टाकलं.

शहरातून एक पुढारी आला. "आमच्या सभेत या, तुमचा धर्म कसा वाईट ते सांगा."

"धर्म माझाय, भांडण माझ्या घरातलंय. तुमच्या भोंग्याला कशाला देऊ?" तोही उठून गेला.

वाळीत टाकल्याची तक्रार घेऊन ती तहसीलदाराकडे गेली. तो म्हणाला, "सरकारला सगळे धर्म सारखे. आम्ही मध्ये पडत नाही."

"सारखेच लांब म्हणा, साहेब."

आणि ज्या घरांच्या लेकी तिनं नटवल्या होत्या, त्या घरांनीही दारं लावून घेतली. ही लाज साऱ्या गावाची. बांगड्या घेणारं कुणी उरलं नाही, तशी ती टोपली घेऊन पैलतीरच्या गावाला निघाली. नदी भरून वाहत होती. असं म्हणतात, पाणी दुभंगलं, काचेची किणकिण पार पलीकडच्या काठापर्यंत ऐकू गेली आणि जैतूनबी पुन्हा कुणाला दिसली नाही. ती जिथून नदीत उतरली, त्या उतारावर आजही काचा चमकतात, पण अनवाणी पायाला लागत नाहीत.

तिची अंगणं ओस पडली. रीत तेवढी राहिली. हातोळ्यातली प्रत्येक नवरी पहिली बांगडी त्या उतारावरच भरते. नवरी स्वतः "भर" म्हणेपर्यंत सगळ्यांनी गप्प राहायचं असतं. हल्ली मात्र फोटोवाल्याला घाई असते आणि "भर" कुणीतरी आत्याच म्हणते.

बांगडी अजूनही अधूनमधून अडते, असं म्हणतात. म्हणून लोक येताना साबण घेऊन येतात.