पहिला ठोका मातीचा

किंग्स्टन शहराच्या पश्चिम अंगाला, बंदरापासून चालत अर्ध्या तासावर, पत्र्याच्या कुंपणामागे एक मोकळं आवार आहे. तशी जमैकात अशी आवारं गल्लोगल्ली आहेत. पण या आवाराच्या मधोमध जमिनीचा एक गोल तुकडा आहे, चार माणसं दाटीनं उभी राहतील एवढा, आणि त्यावर गवत उगवत नाही. इथे वाजवायला आलेला वादक सुरुवातीला 'एक' म्हणत नाही. 'एक'च्या जागी तो गप्प राहतो आणि 'दोन'पासून मोजतो.

असं का, ते मिस हायसिंथ डेकर्स सांगतात. त्या ऐंशीच्या घरात आहेत आणि फाटकाशेजारच्या खोलीत राहतात. त्यांनी हे त्यांच्या आईकडून ऐकलं. आईनं मात्र डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणे.

त्या गोल तुकड्यावर पूर्वी पांढऱ्या सावरीचं प्रचंड झाड होतं. जमैकात सावरीला कुऱ्हाड लावत नाहीत. मेलेल्या माणसांची भुतं, ज्यांना तिकडे डपी म्हणतात, ती तिच्या मुळांशी राहतात अशी समजूत आहे. पण या आवाराचा मालक लॅसेल्स मॅकफर्लेन असल्या गोष्टींना हसणारा होता. त्याची साउंड सिस्टिम होती. एक तबकडी फिरवायचं यंत्र, एक ॲम्प्लिफायर आणि कपाटाएवढे स्पीकर. अमेरिकेतून बोटींवरून येणाऱ्या रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या तो वाजवायचा, आणि दुसऱ्या साउंडवाल्यांना गाण्याचं नाव कळू नये म्हणून तबकडीवरचा कागद ब्लेडनं खरवडून टाकायचा. दर रविवारी दुपारी आवारात नाचायला एवढी गर्दी व्हायची की मुंगी शिरायला जागा नसे. म्हणून लॅसेल्सनं झाड पाडलं. नुसतं पाडलं नाही, त्याच्याच फळ्यांचे स्पीकरसाठी नवे खोके केले.

एग्लन प्यूसी या आवाराकडे फिरकत नसे. तो गिटार वाजवायचा. साउंड सिस्टिमी आल्या आणि गल्लीतल्या बँडवाल्यांची कामं गेली. एग्लन एका हॉटेलात पर्यटकांपुढे वाजवू लागला. लॅसेल्सचं नाव काढलं की त्याच्या कपाळाची शीर उठायची. त्याची बायको मर्लीन मात्र दर रविवारी जायची. आठवडाभर लाँड्रीत उभी राहून ती दुसऱ्यांचे शर्ट इस्त्री करी, आणि रविवारी तेच पाय असे नाचत की लोक वर्तुळ करून बघत.

झाड पाडल्यानंतरचा तो पहिला रविवार होता. चार वाजले होते, ऊन लख्ख होतं. हॉटेलात निरोप आला, "लवकर ये. मर्लीन थांबत नाहीये."

एग्लन पोचला तेव्हा आवारात शंभरेक माणसं कुंपणाला पाठ लावून उभी होती. तबकडी केव्हाच बंद झाली होती. ॲम्प्लिफायरची वायर लॅसेल्सनं स्वतः उपटली होती. आणि मध्ये, ताज्या मातीवर, मर्लीन एकटी नाचत होती. डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती. तिची टाच जमिनीवर पडायची, आणि तिच्या खालून, मातीच्या आतून, तसाच एक ठोका उलटून यायचा.

एग्लननं तिला कमरेला धरून उचललं. पाय जमिनीवरून सुटले तसा तिचा श्वास थांबला. ओठ निळे पडले. कुंपणाजवळची एक बाई किंचाळली, "खाली ठेव! खाली ठेव तिला!" त्यानं तिला खाली ठेवलं, टाच मातीला लागली, आणि ती पुन्हा श्वास घेऊ लागली.

डॉक्टर आले. त्यांनी झोपेचं इंजेक्शन दिलं. मर्लीनची मान कलली, डोळे मिटले, पाय हलतच राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या तळव्यांची सालं निघाली होती.

मग लॅसेल्स स्वतः जाऊन मदर आयलीनला घेऊन आला. ही म्हातारी आफ्रिकेतून आलेल्या जुन्या पूजा जाणणारी होती. ती आली, गुडघ्यांवर बसली, बाटलीतली पांढरी रम मातीवर ओतली आणि जमिनीला कान लावला. बराच वेळ ती उठली नाही.

"ऊस तोडायला गुलाम करून आणलेली माणसं आहेत ही," ती म्हणाली. "इथंच पुरली. जिवंत होती तेव्हा मालकांनी त्यांचे ढोल जाळले. ढोल वाजवला तर चाबूक, असा कायदा होता. झाडानं त्यांना झोपवून ठेवलं होतं. तू झाड काढलंस, लॅसेल्स, आणि वरून त्यांना ठोका ऐकवलास."

"पण हिनं काय केलंय त्यांचं?" एग्लननं विचारलं.

"काही नाही. ती चांगली नाचते. ढोल नाहीत त्यांच्याकडे, म्हणून ते तिला वाजवतायत."

एग्लननं मर्लीनच्या पायांकडे बघितलं. खरंच, ती नाचत नव्हतीच. कुणीतरी खालून तिला बडवत होतं, अतिशय आनंदानं.

त्यानं गिटार आणवली. लॅसेल्सनं हूं की चूं न करता ती आपल्या स्पीकरला जोडून दिली. आधी एग्लननं तिच्या पावलांबरोबर, ठोक्यावर ठोका वाजवला, की हळूहळू लय कमी करत तिला थांबवावं. पण खालच्यांना ते आवडलं. ठोका जोरात आला, मर्लीनचे पाय दुप्पट वेगानं पडू लागले आणि तिच्या नाकातून रक्त आलं. त्यानं चर्चमधलं संथ भजन धरलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. खालचा ठोका भजनाला फरफटत आपल्याबरोबर घेऊन गेला.

तास गेले. एग्लनची बोटं सुजली. आणि थकव्यानं त्याचा हात एकदा चुकला. सूर ठोक्यावर पडायचा तो उशिरा, दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडला. तोडका आणि कोरडा.

मर्लीनची टाच हवेत थांबली. क्षणभरच, पण ती थांबली, आणि श्वास चालू होता.

एग्लननं पुन्हा तसंच केलं. खालून ठोका, मग त्याचा सूर. खालून ठोका, मग सूर. जो ठोका आजवर प्रत्येक वादकाचा पहिला हक्क होता, तो त्यानं सोडून दिला. मर्लीनचे पाय दोन ठोक्यांमध्ये अडखळू लागले, जसं दोन माणसं एकाच वेळी तिला हाक मारतायत.

"नुसतं वाजवून भागायचं नाही," मदर आयलीन म्हणाली. "तोंडानं शब्द दे. त्यांना आजवर कुणी शब्द देऊन पाळलेला नाही."

एग्लन गिटार न थांबवता जमिनीकडे बघून बोलला. "पहिला ठोका तुमचा. मी जन्मात त्याला हात लावणार नाही. या आवारात कुणालाच लावू देणार नाही. मधली जागा आम्हाला द्या. आणि हिला द्या."

खालचा ठोका एकदा चुकला. जणू कुणी मान वळवून ऐकलं. आणि मर्लीन, कापडाची घडी उलगडावी तशी, जमिनीवर कोसळली. एग्लननं तिला उचललं. या वेळी श्वास चालू राहिला.

शुद्धीवर आल्यावर ती पहिलं वाक्य काय बोलली, ते मिस हायसिंथ नेहमी हळू आवाजात सांगतात. मर्लीन म्हणाली, "ते वाईट नव्हते रे. त्यांना थांबताच येत नव्हतं."

एग्लननं शब्द पाळला, आणि तो त्याला महागात पडला. हॉटेलातली नोकरी गेली, कारण त्याचा हात सरळ ठोक्यावर पडेना. पर्यटकांची पावलं चुकायला लागली. पण गल्लीतल्या लोकांची चुकली नाहीत. लॅसेल्सनं अमेरिकन तबकड्या बाजूला ठेवल्या, एक ढोलवाला आणि एक ट्रॉम्बोनवाला बोलावला आणि एग्लनचा तो उलटा ठोका तबकडीवर उतरवला. गिटारीतून येणारा तो कोरडा आवाज ऐकून लोक त्याला 'स्का, स्का' म्हणू लागले. पुढे त्या संगीताचं तेच नाव पडलं, असं या गल्लीत सांगतात; दुसऱ्या गल्लीत दुसरं काही सांगत असतील. मर्लीन महिन्याभरानं चालू लागली, पण नाचली नाही. आवारात आली की कडेला, दगडावर पाय वर घेऊन बसायची.

एग्लन म्हातारा होऊन गेला. त्याची शवपेटी दुपारी आवारात आणली. बँड उभा राहिला. ठरल्याप्रमाणे 'एक' सोडला, आणि नेहमीसारखा तो खालून आला, पुसट, पायांना कळेल इतकाच. मग गिटारवाल्यानं हात उचलला. त्याची बोटं तारांना लागायच्या आधीच मधला सूर वाजला. तोडका आणि कोरडा. तोही खालून.

गिटारवाल्याचा हात तसाच हवेत राहिला. मर्लीन दगडावरून उतरली, बूट काढले, आणि सावकाश चालत त्या गोल तुकड्यावर जाऊन उभी राहिली. ती किती वेळ नाचली हे सांगताना लोकांचं एकमत होत नाही. थांबली मात्र स्वतःच्या मर्जीनं, एवढं सगळे सांगतात.

आजही त्या आवारात कुणी वाजवायला आलं की सगळ्यात आधी ठोक्यांची एक पूर्ण फेरी खालच्यांसाठी सोडतात, वाजवतच नाहीत. वादक वाद्यं धरून, मान खाली घालून उभे राहतात. पाहुणे मिस हायसिंथना हमखास विचारतात, "तुम्हाला खरंच काही ऐकू येतं का?" त्या फक्त विचारणाऱ्याच्या पायांकडे बघतात. बहुतेक वेळा ते आधीच हलत असतात. मग मिस हायसिंथ त्याचा हात धरतात आणि त्याला हळूच त्या तुकड्यावरून बाजूला घेतात.