साडेअडतीस फुटांचा कोबा

बोरखेडीत म्हाळू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. कुठलंच काम त्याच्या हाती टिकेना. शेवटी त्याच्या बायकोनं, गिरजानं, आपल्या भावाला गळ घातली. भाऊ धोंडीराम गावचा मिस्त्री. त्यानं म्हाळूला हाताखाली घेतलं. बहिणीचा नवरा, त्यामुळे ओरडायचीही सोय नव्हती.

पहिलं काम एका गोल अंगणाचं. पाव भागात फरशी बसवायची होती. म्हाळू कडेकडेनंच मोजत बसला.

"दाजी," धोंडीराम म्हणाला, "गोल मोजायचा तर आधी मधोमध उभं राहायचं. तिथून दोरी ताणायची."

म्हाळूनं ते पाठ केलं. दुसऱ्या दिवशी विहिरीचा गोल कठडा मोजायचा होता. म्हाळू दोरी घेऊन मधोमध उभा राहायला गेला. चौघांनी मिळून त्याला वर काढलं. दोरी मात्र त्यानं सोडली नव्हती.

मग देवळापुढचा गोल ओटा आला. मध्यापासून कडेपर्यंत सात फूट. कडेच्या एका खंडाला लाल रंग द्यायचा होता. रंग किती लागेल, ते धोंडीरामनं समजावलं. अख्खा गोल एकशे चौपन्न चौरस फूट. त्याची पाव भागाची पाकळी साडेअडतीस. पाकळीतला त्रिकोण साडेचोवीस. तो काढून टाकला की कडेचा खंड उरतो चौदा.

म्हाळूनं पहार घेतली आणि दुपारपर्यंत त्रिकोण काढून टाकला. खंड नेमका चौदा चौरस फूट उरला. पुजारी खड्ड्यात पडले.

धोंडीरामनं कपाळाला हात लावला. "दाजी, असलं काही जमिनीवर करू नका. जे करायचं ते कागदावर करा."

घरी गिरजाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हाळूला फार वाईट वाटलं. आता चुकायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं.

पुढं सरपंचांच्या घरी लग्न निघालं. नवरानवरी उभी राहणार तो चौथराही गोल, मध्यापासून कडेपर्यंत सातच फूट. त्याची पाव भागाची एक पाकळी उखडली होती. तेवढ्या भागात सिमेंटचा कोबा करायला सांगून धोंडीराम तालुक्याला गेला.

संध्याकाळी येऊन बघतो तर चौथरा होता तसाच उखडलेला. शेजारी कडुनिंबाखाली म्हाळू थापी पुसत उभा. त्यानं जुनी वर्तमानपत्रं खळीनं एकमेकांना चिकटवली होती. त्यांच्यावर आरशासारखा गुळगुळीत कोबा केला होता. धोंडीरामनं दोरी लावून पाहिली. कोन बरोबर काटकोन. क्षेत्रफळ साडेअडतीस, तसूभरही कमी-जास्त नाही.

धोंडीराम घमेलं पालथं घालून त्यावर बसला. "दाजी, लग्न उद्यावर आलंय."

"मग काय झालं?" म्हाळू म्हणाला. "सकाळपर्यंत वाळेल. घडी घालून नेऊ."