चुकलेलीचं घर

माझ्या आजीच्या आजीनं परकर नेसून जत्रा पाहिली, त्याच्याही कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हाही हिवरसोंडच्या माळावर चैत्री पुनवेला जानुबाईची जत्रा भरायची. जत्रा भरते म्हटलं की तुम्हाला वाटतं, ती आपली आपण भरते, पावसानंतर गवत उगवावं तशी. तसं नसतं, बाबांनो. माळ झाडावा लागतो, कुस्त्यांसाठी माती उकरून मऊ करावी लागते, रांजण भरावे लागतात, पाहुण्यांच्या बैलांना सावली करावी लागते. आणि आमच्याकडं या कामाला मजुरी नाही. तेव्हाही नव्हती.

रीत अशी, की पाडव्याच्या सकाळी सगळं गाव माळावर जमतं. हाकारी एकेका घराचं नाव पुकारतो. त्या घरातलं एक माणूस ‘हाय’ म्हणत पुढं होतं आणि एक काम अंगावर घेतं. ज्याच्या घराला हाक, तो गावचा. मग तो वाड्यातला असो नाहीतर झोपडीतला.

अशाच एका जत्रेत एक चार-पाच वर्षांची पोर चुकली. माणसं पांगली, पालं उतरली, गाड्या गेल्या, तरी तिला न्यायला कुणी आलं नाही. कुणी म्हणतं, तिची माणसं पटकीच्या साथीत वाटेतच गेली. कुणी म्हणतं, त्यांनी मुद्दामच सोडली. खरं काय ते जानुबाईला ठाऊक. पोरीला आपलं नाव सांगता येईना, गाव सांगता येईना. जानुबाईच्या जत्रेत सापडली म्हणून गावानं तिला जाना म्हटलं.

गाव काही वाईट नव्हतं. पाळीपाळीनं प्रत्येक घरानं तिला जेवू घातलं, जुनेर नेसवलं. जाना मोठी झाली, सगळ्यांची झाली आणि म्हणूनच कुण्या एकाची झाली नाही. पाडव्याला ती माळावर उभी राहायची. एकेक घर पुकारलं जायचं आणि शेवटी ती तशीच परत फिरायची. हाक घराला असते. तिला घरच नव्हतं.

मग तिनं घर बांधलं. माळाच्या कडेला, करंजाच्या झाडाखाली, एकटीनं. ओढ्यातले दगड डोक्यावरून आणले, माती तुडवली, वर गवत शाकारलं. असं म्हणतात, की तिला मोठे दगड उचलेनात तेव्हा ओढ्याला अवकाळी लोंढा आला आणि त्यानं दगड थेट करंजाशी आणून ठेवले. लोंढ्याला कळलं, गावाला कळलं नव्हतं.

त्या पाडव्याला नारबा हाकारी होता. त्यानं सगळी घरं पुकारली, करंजाकडं पाहिलं आणि कुणाला न विचारता शेवटची हाक दिली, “चुकलेलीचं घर!”

जाना दारात उभी होती. ती ‘हाय’ म्हणाली. असं म्हणतात, की त्या आवाजानं डोंगरातले मोर ओरडले आणि देवळातली घंटा कुणी न हलवता वाजली.

“काम कंचं घेतीस?” नारबानं विचारलं.

“चुकल्या पोरांचं,” ती म्हणाली.

तेव्हापासून जत्रेत मूल चुकलं की त्याला करंजाखाली आणायचं. जाना कधी नाव विचारायची नाही, गाव विचारायची नाही. लहानग्याला ते सांगता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? ती मुलाला मांडीवर घ्यायची आणि विचारायची, “आईनं आज काय रांधलं हुतं रं?” आईच्या हातचं मात्र कुठलंही मूल सांगतं. मग जाना उभी राहून हाक द्यायची, “गुळातल्या दशम्या आणलेली बाई कोण? लेकरू हितं हाय!” ढोल वाजत असोत की कुस्ती रंगलेली असो, ती हाक जिची तिलाच ऐकू जायची. एकदा एक आई रडून-रडून दमली आणि मूल नदीत गेलं असं समजून गाडीत बसून निघाली. असं म्हणतात, की दोन गावं मागं टाकल्यावर तिच्या बैलांनीच कान टवकारले आणि गाडीवानाला न जुमानता ते माघारी वळले. दिवस मावळताना करंजाखाली एकही मूल उरायचं नाही. उरू द्यायचं नाही, एवढाच तिचा हट्ट होता. तिच्यासारखं दुसरं कुणी व्हायला नको होतं.

आई येऊन मूल छातीशी धरायची, तेव्हा जाना त्या बाईचं तोंड जरा जास्तच वेळ न्याहाळायची. का, ते कुणी विचारलं नाही. आम्ही तशी माणसं. जेवायला विचारतो, बाकीचं विचारत नाही.

जानाची जानाक्का झाली, केस पांढरे झाले, गुडघे धरले. नारबा गेला आणि त्याचा मुलगा सुबराव हाका द्यायला लागला. सुबराव लहानपणी याच जत्रेत चुकला होता आणि आक्कानंच त्याला आईच्या कडेवर दिलं होतं. आक्कावर त्याची फार माया. त्या थंडीत आक्काला मोठा ताप येऊन गेला होता. सुबरावाच्या मनात आलं, म्हातारीला यंदा उन्हात बसवायला नको. चार जणांना त्यानं बोलून दाखवलं. चौघंही म्हणाले, बरोबर आहे. आक्काला मात्र कुणी विचारलं नाही. चुकलं ते इथंच, आणि चुकलं तेही मायेपोटी. म्हणून तर अजून सलतं.

पाडव्याला आक्का दारात काठी धरून उभी होती. एकेक घर झालं. शेवटचं घर राहिलं आणि सुबराव थांबला. लोक आपापल्या कामाला पांगले.

दुपारी सुबराव पुरणपोळीचं ताट आणि नवं लुगडं घेऊन करंजाखाली आला. आक्कानं लुगड्याकडं पाहिलंही नाही.

“घर मोडलं का रं माझं, सुबराव?”

सुबराव हसला. त्याला वाटलं, थट्टा करते आहे. “अगं आक्का, लई केलंस आमच्यासाठी. आता बस की निवांत. पोरं बघतील पोरांचं.”

“मग मी कोण आता?” आक्कानं विचारलं.

“तू आमची आक्का. दुसरं कोण?”

आक्का म्हणाली, “बरं.”

त्या ‘बरं’पाशी त्यानं थांबायला हवं होतं. तो उठला आणि मांडवाचे खांब बघायला गेला.

दुसऱ्या दिवशी झोपडी रिकामी होती. अंगण सारवलेलं होतं, घासलेल्या ताटावर लुगडं घडी करून ठेवलेलं होतं. लोक म्हणाले, देवाला गेली असेल, येईल पुनवेपर्यंत. जत्रेची घाई होती. शोधायला कुणी गेलं नाही.

पुनव आली, पण आक्का आली नाही. चुकल्या पोरांचं काम तरण्या गड्यांवर होतं. ते पोरांना नाव विचारत, गाव विचारत, आणि पोरं भोकाड पसरत. असं म्हणतात, की त्या दिवशी माळावरचं रडणं इतकं वाढलं, की पैलवानांचे हात ढिले पडले आणि पाळणा चालता चालता थांबला. होता होता एकेक मूल आपल्या माणसांकडं गेलं. ऊन कलल्यावर करंजाखाली एक चिमुरडी उरली. ती रडत नव्हती. उतरत्या पालांकडं नुसती बघत होती.

म्हातारी माणसं तिला पाहून चरकली. असं बघणारी पोर त्यांनी पूर्वी एकदा पाहिली होती.

 सुबराव धावत माळामागच्या टेकडीवर चढला आणि जन्मात दिली नव्हती एवढ्या मोठ्यानं त्यानं हाक दिली, “चुकलेलीचं घर!” सगळी जत्रा गप्प झाली. मग डोंगराच्याही पलीकडून, लांबून, बारीक आवाज आला, “हाय.”

थोड्या वेळानं एक बाई धापा टाकत माळावर आली आणि तिनं चिमुरडीला उचललं. ती म्हणाली, “खिंडीपातूर गेल्ते मी. पोर म्होरच्या गाडीत हाय असंच वाटत हुतं. वाटंत एक म्हातारी आडवी आली. म्हणली, सकाळी काय रांधलं हुतंस? म्या म्हणलं, कण्या. तर म्हणली, मग माघारी फिर, तुझं लेकरू माळावर ऱ्हायलंय.”

“आणि ती म्हातारी कुठाय?” सुबरावानं विचारलं.

“ती फुडं गेली की. म्या म्हणलं, चला माझ्यासंगं. तर म्हणली, तिथं माझं काम न्हाई.”

माणसं पळाली, खिंड धुंडाळली, पलीकडची गावं पालथी घातली. सुबराव तर वर्षानुवर्षं हिंडला, त्याच्या पायात पुढं चप्पलच राहिली नाही म्हणतात. आक्का सापडली नाही. असं म्हणतात, की ती अजूनही जत्रांमधून दिसते. नदीकाठच्या जत्रेत, घाटाखालच्या उरुसात, चुकलेल्या पोराजवळ एक म्हातारी बसलेली असते आणि आई आली की दिसेनाशी होते. सगळ्यांच्या जत्रेत दिसते. आमच्या जत्रेत मात्र नाही.

तेव्हापासून हिवरसोंडला पाडव्याच्या हाकेतून कुणाला विचारल्याशिवाय वगळत नाहीत. खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही पुकारतात, तो खाटेवरून ‘हाय’ म्हणतो आणि त्याला निवडायला मूठभर डाळ देतात. करंजाखालची झोपडी दर वर्षी शाकारतात. आणि सगळी घरं झाली, की हाकारी टेकडीवर चढून शेवटचं घर पुकारतो. त्यावर कुणी ‘हाय’ म्हणायचं नाही, अशी रीत आहे. माणसं वाट बघत उभी राहतात. मग कुणीतरी हळूच खराटा उचलतं आणि कामाला सुरुवात होते. हाक मात्र जीव खाऊन द्यायची असते, कारण आक्का किती लांब गेली आहे ते आमच्यातल्या कुणालाच माहीत नाही.