राजाला उशीर का झाला?

"हा ग्रंथ बाजारात खपवून दाखव. नाही खपला, तर तुझ्या गोष्टी बंद!"

नागरगडचे रणधीरराजे येसू कासारणीला असं म्हणाले, तेव्हा दरबारातल्या पंडितांनी माना डोलावल्या. माना डोलावणं हाच त्यांचा रोजगार होता.

त्याचं असं झालं. राजांनी आपल्या लढायांवर हजार ओव्यांचा ग्रंथ रचला. नायकाचं नाव तेवढं बदलून वीरसेन केलं आणि लेखकाच्या नावाची जागा मोकळी सोडली. विनय दिसायला नको का? लेखनिकांनी शंभर प्रती उतरवल्या. दरबारात वाहवा झाली आणि प्रती कोठारात धूळ खात पडल्या. इकडे येसूची गंमत वेगळीच. ती आठवडी बाजारात बांगड्या भरायची, भरता भरता आपणच रचलेली गोष्ट सांगायची आणि ऐन रंगात आली की थांबायची. पुढचं हवं तर लिहिलेली पानं विकत घ्या! बाईचा हात कासारणीच्या हातात, बांगडी अंगठ्यापाशी अडलेली, पळणार कुठे? वाचता न येणाऱ्या बायकाही पानं घेत आणि घरी नवऱ्याला वाचायला बसवत. बांगड्यांवर येसूची मीठमिरची निघे. घर चाले ते गोष्टींवर.

ही बातमी राजांच्या कानी गेली आणि झोंबली. त्यांनी अटीही तशाच घातल्या. ग्रंथ कोणाचा ते सांगायचं नाही, नाहीतर लोक भीतीपोटी घेतील. भाव पाडायचा नाही. अक्षर बदलायचं नाही. आणि स्तुती तर मुळीच करायची नाही, ती ऐकून राजांचे कान किटले होते. येत्या बाजारी सगळ्या प्रती गेल्या पाहिजेत.

येसूनं एक प्रत घरी नेली आणि वाचायला बसली. वीरसेन जिंकला. मग वीरसेन पुन्हा जिंकला. नदी ओलांडून जिंकला, डोंगर चढून जिंकला. येसूच्या डोळ्यांवर झापड आली. पण बाजारात वाढलेली बाई ती. माल कसाही असो, त्यातला विकाऊ दाणा हाती लागेपर्यंत ती पोतं सोडत नसे. आणि किल्ल्याच्या वेढ्यात तो दाणा लागला. तिथं लिहिलं होतं, काही कारणाने वीरसेन रणांगणावर प्रहरभर उशिरा पोचला. कारण दिलेलं नव्हतं. पुढच्या ओवीत स्वारी नेहमीसारखी जिंकून मोकळी.

येसूची झापड ताडकन उडाली.

बाजाराच्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक म्हणून आली सगुणा तेलीण. हिच्या कानात सकाळी पडलेली गोष्ट दुपारी चार गावांत पोचायची. येसूनं तिचा हात हातात घेतला आणि बांगडी चढवता चढवता सहज विषय काढला. एक राजा होता म्हणाली. सैन्य उभं, हत्ती उभे, शत्रूसुद्धा ताटकळलेला, आणि राजाचा पत्ता नाही! आला तो प्रहरभर उशिरा. का बरं झाला असेल उशीर?

"बायकोनं अडवला असेल," सगुणा म्हणाली.

शेजारची म्हणाली, पगडी सापडली नसेल. तिसरीला वाटलं, आमच्या ह्यांच्यासारखा असेल. उंबरा ओलांडला की काहीतरी राहिलंच म्हणून परत घरात. सगुणेनं आणखी विचार केला आणि पोट बिघडलं असणार असा निकाल दिला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

"पण खरं काय गं, येसू?"

"मला नाही ठाऊक बाई. ग्रंथ हा इथं आहे. त्यात कारण सापडेलच असं मी म्हणत नाही. ज्याचं त्यानं शोधावं. नाही पटला, तर पुढच्या बाजारी परत आणा, पैसे देईन."

दुपारपर्यंत पैजा लागल्या. पानवाला पगडीच्या बाजूनं, सोनार बायकोच्या. दिवेलागणीला येसूपाशी फक्त बांगड्या उरल्या.

पुढचा बाजार उलटला आणि राजांनी तिला बोलावलं. चेहरा तांबडालाल. कारण आम्ही लिहिलंच नाही, लोकांना फसवलंस, असं त्यांचं म्हणणं.

"फसले असते तर प्रती परत आल्या असत्या, महाराज. एकही आली नाही. हवं तर विचारा कुणालाही."

सगुणा आणि तिचा नवरा महादू यांना आणलं. राजांनी विचारलं, काय वाचलंत? महादूनं नदीचा अख्खा प्रसंग घडाघडा म्हणून दाखवला. कारण शोधायला सगळा ग्रंथ दोनदा वाचून झाला होता, आता तिसऱ्यांदा चालला होता. राजांनी पंडितांकडे वळून विचारलं, ती नदी कोणती हो? पंडितांनी छताकडे पाहिलं.

"आमचं घर पोट बिघडण्याच्या बाजूचं आहे," सगुणा म्हणाली.

"आमचं पोट उत्तम होतं!" राजे ओरडले.

सगुणेला एकदम उमजलं की वीरसेन कोण. तिनं जीभ चावली आणि नवऱ्याच्या मागे सरकली.

राजे जरा नरमले. ग्रंथ लोकांनी वाचला हे खरं, पण मनात एक काटा राहिलाच. "येसूबाई, एवढे विजय आम्ही मिळवले. लोकांना आमचा उशीरच का हवा?"

"महाराज, विजय तुमच्या एकट्याचे. उशीर घरोघरी होतो."

पंडितांना मान कुठल्या बाजूनं डोलवावी कळेना. मग राजांच्या मिशा हलल्या, पोट हललं आणि ते असे खदखदून हसले की गादीवरचा लोड घरंगळला.

डोळे पुसत ते पुढे झुकले. "खरं कारण सांगू तुला?"

येसूनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "नको महाराज! तोंडी सांगाल तर ही सगुणा इथंच उभी आहे. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या भागाला गिऱ्हाईक उरणार नाही. तुम्ही लिहा. विकायचं मी बघते."

राजे पुन्हा हसले आणि हसत हसतच हुकूम सोडले. वेशीजवळची मोक्याची जागा येसूला, बाजारपट्टी माफ. तिच्या गोष्टींना सगळ्या राज्यात मोकळीक. आणि दुसऱ्या भागाची निम्मी कमाई तिची.

महादूच्या पाठीमागून सगुणेनं हळूच हात वर केला. पहिली प्रत तिला हवी होती.