भिंतीच्या मधोमध पट्टा

“महाराज, एकदा सांगूनच टाका. मठात तो राहणार की मी?”

चिंतामण काखेत वळकटी मारूनच आला होता. सोमगिर महाराज ओट्यावर बसून शेंगा सोलत होते.

“तो म्हणजे?”

“भिवा.”

“काय केलं भिवानं?”

“भिंत नासवली.”

भिंत म्हणजे मठाच्या सभामंडपातली, आतली. चांगली लांबलचक. एका दमात रंगवून होणारी नव्हे, म्हणून महाराजांनी ती दोघांत वाटून दिली होती. चुन्यात पिवडीचा पिवळा रंग कालवायचा. चिंतामणनं दाराकडून निघायचं, भिवानं समाधीकडून, आणि मधे एकमेकांना गाठायचं.

आता चिंतामण मठातला जुना, पोथ्या तोंडपाठ. भिवा कालपरवापर्यंत ट्रक चालवणारा. ही वाटणीच चिंतामणला झोंबली. उघड बोलला नाही, पण भिवा भिंतीशी असला की हा तिकडे फिरकायचा नाही. मग भिवाही तसाच वागू लागला. हा सकाळी रंगवणार, तो दुपारी.

असं करत दोघे मधोमध पोचले. भिवाची कड चिंतामणला वाकडी दिसली, म्हणून त्यानं तिच्यावरून कुंचा फिरवला. दुपारी भिवाला ते खपलं नाही. त्यानंही फिरवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वाळल्यावर बघतात तर भिंतीच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत, हातभर रुंदीचा गडद पट्टा.

“पट्टा त्याचा आहे,” चिंतामण म्हणाला.

“तो काय म्हणतो?”

“म्हणतो, चिंतामणचा.”

महाराजांनी आणखी एक शेंग फोडली.

“जायचं तर जा बाबा. पण आपला रंग घेऊन जा. कुणाचं काही मठात राहायला नको.”

“रंग कसा नेऊ?”

“खरवडून. खुरपं तिथं कोपऱ्यात आहे.”

चिंतामणला आधी थट्टा वाटली. पण महाराज पुन्हा शेंगांत गुंतले होते. मग मात्र त्याचं डोकं फिरलं. वळकटी दारात टाकून त्यानं खुरपं उचललं आणि थेट पट्ट्यालाच हात घातला.

खपली निघाली. पिवळी. तिच्याखाली पिवळंच. त्याच्याखालीही...

तेवढ्यात भिवा आत आला. त्यानं खपल्या पडताना बघितल्या. गोणपाट आणून त्यानं चिंतामणच्या पायाशी अंथरलं, सारवलेल्या जमिनीवर चुना पडू नये म्हणून. मग तिथंच उकिडवा बसला.

“दमानं घ्या,” तो म्हणाला. “गिलावा निघंल.”

चिंतामणचा हात थांबला. त्याला एकाएकी फार लाज वाटली. मूठभर खपल्या घेऊन तो ओट्याकडे गेला.

“महाराज, यातलं माझं कुठलं नि त्याचं कुठलं, कळत नाही.”

“भिवाला विचार.”

भिवा मागून आला होता, त्यानं नकारार्थी मान हलवली. “त्यालाही कळत नाही,” चिंतामण म्हणाला.

“मग कसं करायचं? जायचंय ना तुला?”

चिंतामणनं मुठीतल्या खपल्या ओट्यावर ठेवल्या. म्हणाला, “नाही.”

...

महाराज उठले, टरफलं झटकली आणि सभामंडपात आले. दोघे मागोमाग. त्यांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. दाराकडची बाजू फिकी, समाधीकडचीही फिकीच. मग ते पट्ट्यापाशी थांबले आणि त्यावर तळवा ठेवला.

“रंग इथं चांगला बसलाय. सगळी भिंत अशी करा... चिंतामण, आता तू समाधीकडून निघ. भिवा दाराकडून येईल.”