चांदमारीची टेकडी

एकदा एक कारखाना गाव सोडून निघाला.

तुम्ही म्हणाल, कारखान्याला काय पाय असतात? नसतात. पण मालकाच्या मनात एकदा दुसरा गाव भरला की त्याला पाय फुटतात, आणि ते पाय आपलेच आहेत हे कामकऱ्यांना मागाहून कळतं. हा कारखाना बंदुकांचा होता. डोंगराच्या कुशीत, नदीच्या वळणावर तो किती पिढ्या उभा होता, हे कुणालाच नेमकं सांगता येत नसे. विचारलं तर म्हातारी माणसं म्हणत, "आमच्या पणज्याच्या आधीपासून भाता चालू आहे." सकाळी ऐरणीवर पहिला घाव पडला की गाव कामाला लागे. पाळण्यातली पोरं त्या आवाजानं उठत नसत. आवाज थांबला की उठत.

तो आवाज आता थांबणार होता. कारखान्याच्या मालकाला सगळे शेट म्हणत. माणूस वाईट नव्हता, घाईत होता एवढंच. त्यानं कारागिरांना अंगणात बोलावून सांगितलं, "लोखंड बोटीनं येतं, गिऱ्हाईक बोटीनं येतं, आणि आपण डोंगराआड दडून बसलोय. घाटातून चार नळ्या न्यायच्या तर बैलांच्या तोंडाला फेस येतो. दिवाळी झाली की आपण बंदरावर. नवी जागा, नवी यंत्रं. यायचं त्यांनी बोचकी बांधा." बायाबापड्या रडल्या, बाप्यांनी मनातल्या मनात शिव्या हासडल्या, आणि मग सगळ्यांनी बोचकी बांधली. पोट कुणाला चुकलंय?

या कारखान्यात एक वृद्ध कारागीर होते. सारा गाव त्यांना उस्ताद म्हणे. त्यांच्या कमरेला चामड्याच्या पिशवीत बोटाएवढा पोलादी ठसा असे. तयार बंदुकीच्या नळीवर त्यांनी तो ठोकला की बंदूक जगात जायला मोकळी. ठसा नाही तर बंदूक दाराबाहेर नाही, मग दारात राजा का उभा असेना! उस्तादांचा एक शिष्य होता, मुकिंदा. नळीला डोळा लावून केसाएवढा बाक सांगणारा. उस्तादांमागे ठसा त्याचाच, असं सगळे धरून चालले होते. मुकिंदा तर जरा जास्तच धरून चालला होता.

त्याला कारणही होतं. शेटनं जाहीर केलं होतं की नव्या जागी ज्याच्या कमरेला ठसा, तो मुख्य कारागीर, आणि त्याला राहायला समुद्राकाठी बंगली. मुकिंदाच्या बायकोनं, सरसाबाईनं, त्या न पाहिलेल्या बंगलीच्या खिडकीला पडदासुद्धा शिवून ठेवला होता. ती रोज नवऱ्याच्या मागे लागे, "अहो, ठसा मागून घ्या. रडल्याशिवाय आई पाजत नाही म्हणतात. नाहीतर तिथं जाऊन दुसऱ्याच्या हाताखाली घण मारत बसाल, आणि मी बसेन खारा वारा खात."

आता या कारखान्याची एक रीत सांगतो, कारण सारी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. तयार बंदुकीचा पहिला बार ज्यानं ती घडवली त्यानंच काढायचा. दारू दीडपट भरायची, बंदुकीचा लाकडी दस्ता खांद्याला टेकवायचा, गाल दस्त्यावर ठेवायचा आणि समोरच्या टेकडीत गोळी झाडायची. बार काढायच्या त्या जागेला चांदमारी म्हणत. नळीत कुठे कसर राहिली असेल तर ती फुटणार कुठे? घडवणाऱ्याच्या तोंडावर! त्या गावच्या प्रत्येक कारागिराच्या उजव्या गालावर दारूचे निळे ठिपके होते. मुलीसाठी स्थळ आलं तर बाप पत्रिका नंतर बघे, आधी मुलाचा गाल बघे. आणि दुसरा दंडक असा, की चांदमारीच्या टेकडीला कुणी फावडं लावायचं नाही. का नाही? पूर्वापार नाही. पूर्वापार म्हटलं की आपल्याकडे पुढचं कुणी विचारत नाही.

निघण्याआधी काही दिवस शेटनं मुकिंदाला बोलावलं. उस्ताद तिथेच एका नळीवरून तेलाचा बोळा फिरवत बसले होते. शेट म्हणाला, "हे बघ, नव्या जागी ही गालाची भानगड नको. बंदूक लोखंडी चौकटीत आवळायची, भिंतीमागे उभं राहून दोरी ओढायची. तेही सगळ्या बंदुकांना नाही, ढिगातल्या काहींनाच. तुला चालेल ना?" मुकिंदाच्या डोळ्यांसमोर तो खिडकीचा पडदा हलत होता. तो म्हणाला, "न चालायला काय झालं? जीवही वाचेल आणि वेळही." उस्तादांचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा बोळा फिरू लागला. मुकिंदाला वाटलं, संमती आहे. शिष्यांची ही जुनीच खोड. गुरू गप्प बसला की तो हो म्हणाला, असं ते समजतात.

शेवटचा दिवस उजाडला. यंत्रं, भाते, ऐरणी गाड्यांवर चढल्या होत्या. दुसऱ्या दिवशी गाड्या हलायच्या होत्या. शेटलाही आतून कुठेतरी लागलं असावं. तो म्हणाला, "प्रत्येकानं आठवण म्हणून एकेक वस्तू घ्या. मागाल ती दिली." कुणी हातोडा घेतला, कुणी पितळी घंटा, एकानं तर दारच उखडून डोक्यावर घेतलं. उस्तादांची पाळी आली. ते म्हणाले, "मला चांदमारीची टेकडी द्या."

सगळे हसले. शेट म्हणाला, "अहो उस्ताद, माती ती! घ्या, दिली." उस्तादांनी मुकिंदाच्या हातात फावडं ठेवलं आणि म्हणाले, "चल, खण."

मुकिंदा हबकलाच. जन्मात ज्या टेकडीला कुणी बोट लावलं नाही, ती खणायची? तीही आज? घरी उतरंडी बांधायच्या आहेत, ठशाचं अजून विचारायचं आहे, आणि म्हाताऱ्याला खड्डे सुचतायत! पण गुरूला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. त्यानं फावडं उचललं आणि पहिला घाव घातला. गवत निघालं, मुरूम निघाला. मग फावडं खण्णकन वाजलं.

त्यानं वाकून पाहिलं. गोळी होती, टोकाशी चेपलेली, करडी. तिच्या शेजारी दुसरी. तिच्याखाली आणखी. तो खणत गेला आणि माती कमी कमी होत गेली. हातभर खाली गेल्यावर टोकदार गोळ्या संपल्या आणि जुन्या, वाटोळ्या गोळ्या लागल्या. त्याच्या आजाच्या काळच्या असाव्यात. त्याखाली बोराएवढ्या, ओबडधोबड. असल्या गोळ्यांची बंदूक त्यानं कधी पाहिलीही नव्हती. आणखी खाली फावडं चालेचना. एकीत एक रुतून शिशाचा कातळ झाला होता. मुकिंदानं टेकडीच्या दुसऱ्या अंगाला जाऊन खणलं. तिथेही तेच. माथ्यावर खणलं. तेच! लहानपणापासून जिला तो मातीची टेकडी समजत होता, ती टेकडी मातीची नव्हतीच. वर गवताची चादर होती आणि आत सगळं शिसं.

त्याच्या हातातून फावडं गळालं. तो खड्ड्यातच बसला आणि मान वर करून त्या उंचीकडे बघत राहिला. "अरे बाप रे," एवढंच तो म्हणाला.

उस्ताद काठावर बसले होते. त्यांनी विचारलं, "मुकिंदा, एका बंदुकीची इथे गोळी किती?"

"एकच, उस्ताद. पहिली."

"मग हे काय आहे?"

मुकिंदा म्हणाला, "बंदुका आहेत. आपण आजवर घडवलेल्या सगळ्या बंदुका."

"त्यांच्या पहिल्या गोळ्या आहेत," उस्ताद म्हणाले. "आता सांग, दुसऱ्या कुठे आहेत?"

खड्ड्यातली एक गोळी उचलून मुकिंदा ती उलटसुलट करून बघू लागला. एवढी वर्षं तो बंदुका घडवत होता, पण हा प्रश्न त्याला कधी शिवला नव्हता.

उस्ताद शांतपणे म्हणाले, "मलाही ठाऊक नाही. कुठे पिकाच्या राखणीला कामी आल्या असतील, कुठे नरभक्षकाला लागल्या असतील. त्याचे हार आपल्या दारापर्यंत आले. आणि कुठे भावाच्या छातीत गेल्या असतील. त्याचा निरोप आपल्याला कोण धाडणार? अशा कितीतरी टेकड्या जगभर पसरल्या आहेत, बाबा, आणि त्या कुणालाच खणून दाखवता येणार नाहीत. आपल्या हातात गोळी एकच, पहिली. नळी टिकते की फुटते, एवढंच बघायचं असतं तर दोरी माझ्या आजालाही सुचली असती. दोरी काय काल निघाली? पण तो सांगायचा, ज्या वस्तूनं परक्याचा जीव जाऊ शकतो, ती हातावेगळी करण्याआधी घटकाभर आपला जीव तिच्याशी लावून ठेवावा. त्यानं पाप फिटत नाही. विसर तेवढा पडत नाही. आणि या टेकडीला फावडं का लावायचं नाही? या गोळ्यांनी अजून कुणाला मारलेलं नाही, म्हणून. त्यांना तसंच राहू द्यायचं."

एव्हाना कारागीर जमले होते. एका म्हाताऱ्यानं पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या. नकळत सगळ्यांनीच काढल्या.

तेवढ्यात शेट आला. त्यानं खड्ड्यात डोकावलं आणि त्याचे डोळे विस्फारले. "अगं आई गं! एवढं शिसं? अहो, वर्षानुवर्षं पुरतील एवढ्या गोळ्या होतील याच्या! गाड्या वळवा रे इकडे." उस्ताद म्हणाले, "शेट, टेकडी तुम्ही मला दिलीत." शेट म्हणाला, "माती दिली, शिसं नाही दिलं." मग त्यानं मुकिंदाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलकेच म्हणाला, "म्हातारं माणूस आहे, हट्टाला पेटलंय. तू चार पोरं लावून भरून घे. ठसा मिळो न मिळो, मुख्य कारागीर तू. बंगलीची किल्ली आत्ता देतो."

खरंच त्यानं किल्ली काढली. मुकिंदा किल्लीकडे बघत राहिला. त्याला पडदा आठवला, सरसाबाई आठवली. मग त्यानं वाकून फावडं उचललं. शेटला वाटलं, झालं काम. उस्तादांनी डोळे मिटून घेतले. मुकिंदानं फावडं मातीच्या ढिगात खुपसलं आणि पहिलं फावडं माती पुन्हा खड्ड्यात टाकली. मग दुसरं. मग तिसरं.

"अरे, हे काय करतोस?" शेट ओरडला.

"बुजवतोय," मुकिंदा म्हणाला. "शेट, तोंडातून सुटलेला शब्द आणि नळीतून सुटलेली गोळी परत येत नाही म्हणतात. टेकडी दिली म्हणालात, ती दिली. माझाही एक शब्द परवा सुटलाय, तो मात्र मला परत घ्यायचाय. दोरी मी ओढणार नाही."

"मग तिथे येऊन घण मार!"

"मारीन."

शेट पाय आपटत निघाला, पण गाड्या वळवल्या नाहीत. कारण तोवर बाकीच्यांनीही फावडी घेतली होती, आणि वर पुन्हा गवताचे गड्डे बसेपर्यंत कुणी थांबलं नाही. उस्ताद उठले. त्यांनी कमरेची पिशवी सोडली, ठसा मुकिंदाच्या मातकट तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटवली. मुकिंदा रडू लागला. म्हणाला, "आता याचा काय उपयोग, उस्ताद? तिथे मला ठसा मारू कोण देणार?" उस्ताद हसले. "तू घडवलेल्या बंदुकीवर तर मारशील? पुरे आहे. मी काही येत नाही. या टेकडीजवळ कुणीतरी बसायला हवं."

घरी सरसाबाईनं विचारलं, "बंगली?" मुकिंदा म्हणाला, "गेली." "आणि ठसा?" "मिळाला." तिनं बांधलेलं बोचकं सोडून पडदा बाहेर काढला. मग चिडून म्हणाली, "मेला तो पडदा मी उगाच शिवला!" आणि तोच पडदा फाडून तिनं ठशासाठी पिशवी शिवली.

बंदरावर नवा कारखाना सुरू झाला. मुकिंदानं तिथे पहिली बंदूक घडवली आणि तिथल्या चांदमारीवर नेली. चौकट तयार होती, दोरी लोंबत होती. त्यानं चौकटीला हात लावला नाही. दीडपट दारू भरली, दस्ता खांद्याला टेकवला, गाल दस्त्यावर ठेवला. सज्जात उभ्या असलेल्या शेटनं त्याला थांबवायला हात वर केला. पण तेवढ्यात बार झाला. धूर समुद्राकडे निघून गेला. मुकिंदा उभा होता, गालावर एक नवा निळा ठिपका घेऊन. त्यानं पिशवीतून ठसा काढला आणि नळीवर ठोकला. त्याच्यामागे चौकटीत आवळलेली आपली बंदूक सोडवायला दुसरा एक कारागीर पुढे आला. मग तिसरा आला.

वर केलेला हात शेटनं सावकाश खाली आणला आणि स्वतःच्या गुळगुळीत गालावर ठेवला.

आपण सगळेच काही ना काही घडवून जगात धाडत असतो, आणि त्याची दुसरी गोळी कुठे जाते ते आपल्याला कळत नाही. हा मजकूर छापायला देताना माझाही हात गालाकडे गेला.