तीन मांजरं आणि पाण्याची घागर

“एकच नाव हवं! दोन नकोत, तीन नकोत, एकच!” चंदनगिरीच्या उदयभान राजाने सिंहासनावर मूठ आपटली.

झालं होतं असं. तीन मुलखांतून तीन सौदागर आले होते आणि तिघांनीही नजराणा म्हणून आणलं होतं लांब केसांचं मांजर! इराणी घोडेवाल्याने आणली होती कापसाच्या ढिगासारखी पांढरी, चपट्या नाकाची मांजरी. उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या लोकरवाल्याची करडी मांजरी सिंहासारखी आयाळ मिरवत होती. आणि सातासमुद्रापलीकडच्या तांडेलाने जहाजावरून उतरवला होता एक पट्टेरी बोका. झुबकेदार शेपटी, कानांच्या टोकांना केसांचे तुरे!

“याहून मोठं मांजर पृथ्वीवर नाही!” तिघांनीही छातीठोकपणे सांगितलं. राजाही भरात बोलून गेला, “जे सगळ्यांत मोठं, ते माझ्याशेजारी चांदीच्या झुल्यावर बसेल!”

बोलून गेला आणि फसला. एकाला मोठं म्हणावं, तर उरलेले दोघे रुसणार! इराणी रुसला तर घोडे बंद, लोकरवाला रुसला तर शाली बंद, तांडेल रुसला तर बंदर ओस. पण शब्द मागे घेईल तो उदयभान कसला! त्याने सगळं ओझं टाकलं धुरपाच्या डोक्यावर.

धुरपा धनगराची. जन्म लोकरीत गेलेला, म्हणून मांजरांचे केस विंचरायला तिला राजवाड्यात ठेवलं होतं.

“तूच रोज हात लावतेस त्यांना. उद्या भर दरबारात नाव सांग,” राजा म्हणाला. “पण तराजू आणायचा नाही. तराजूत गूळ तोलतात, राजाचं मांजर नाही! आणि हरलेल्या दोघांनी ‘आमचंच लहान’ असं आपल्या तोंडाने, हसत कबूल केलं पाहिजे. नाहीतर मेंढरं हाक आणि राज्याबाहेर चालती हो!”

“सरकार, आपलं ताक आंबट असं कुणी म्हणतं का?”

“ते म्हणवून घेणं तुझं काम!”

धुरपा मांजरांच्या खोलीत आली. भर उन्हाळ्यात चाळीस मेंढरं घेऊन जायचं तरी कुठं? तिने पांढरीला मांडीवर घेतलं. केसांत बोटं बुडाली, मनगट बुडालं, तेव्हा कुठे आतली मांजरी हाताला लागली. इवलीशी! करडी त्याहून भरदार, पण निम्मी आयाळच. बोक्याच्या पाठीवरून मात्र हात फिरतोय फिरतोय, पाठ काही संपेना! केस दाट, पण त्यांच्याखाली लगेच दणकट हाडं.

“मोठा तर तूच की रे!” ती म्हणाली. “पण माझ्या म्हणण्याला विचारतो कोण?”

बोक्याने उत्तरादाखल पाण्याच्या वाडग्यात पंजा घातला आणि तिच्या तोंडावर पाणी उडवलं. धुरपा आधी दचकली, मग पदराने तोंड पुसता पुसता हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात आली ती एक मोठी परात आणि पाण्याच्या घागरी घेऊन.

“हे काय आणलंस?” राजाने विचारलं.

“सरकार, लोकर कातरायच्या आधी आम्ही मेंढरं ओढ्यात धुतो. लोकर बसली की खरं मेंढरू दिसतं. टोपलीएवढं आत जातं आणि सशाएवढं बाहेर येतं! आज तिन्ही मांजरांना आंघोळ. आधी तांडेलाचा बोका!”

तिने घागर उपडी केली. बोका जहाजावर वाढलेला, त्याला पाण्याचं काय! तो परातीत बसून फटाफट पाणी उडवू लागला. पण त्याचा थाट गेला. कानांवरचे तुरे चिकटले, शेपटीची दोरी झाली, आणि घटकाभरापूर्वी लोडासारखा दिसणारा बोका आता ओल्या पंच्यासारखा दिसू लागला. दरबारात हशा पिकला! तांडेलाचा चेहरा टोमॅटोसारखा लाल!

“आता ही पांढरी!” धुरपाने बाह्या सावरल्या.

इराणी सौदागराने ओल्या बोक्याकडे पाहिलं, मग आपल्या कापसाच्या ढिगाकडे पाहिलं. हा असा झाला, तर हिचं काय उरेल? तो धावतच पुढे आला.

“थांब, बाई! हिला सर्दी होईल! अहो, आमची मांजरी चणीने लहानच! केस तेवढे मोठे, हा हा हा!”

“बरं. मग ही करडी. हिच्या केसांवरून पाणी नुसतं ओघळून जातं, हिला सात घागरी लागतील!”

“सात?” लोकरवाल्याने मांजरीला छातीशी कवटाळलं. “एकही नको! तांडेलाचाच बोका मोठा. आमचीच लहान! आणि लहान तीच गोड, नाही का?” आणि अब्रू राखायला तो सगळ्यांहून मोठ्याने हसला.

तांडेलाची मान ताठ झाली. ओलाचिंब बोका मोठ्या मानाने चांदीच्या झुल्यावर चढला.

राजा मात्र धुरपाकडे रोखून बघत होता. “अगं, त्या दोघांनी आंघोळ घालू दिली असती, म्हणजे?”

“म्हणजे काय, सरकार? चार ओरखडे निघाले असते, पण उत्तर हेच आलं असतं! मोठा बोकाच आहे. म्हणून तर त्याला पहिला भिजवला. मोठाच एवढासा झालेला बघून लहानांचे मालक कशाला पुढे येतील?”

“म्हणजे तुला कालच ठाऊक होतं? मग कालच का नाही सांगितलंस?”

“काल ते नुसतं खरं होतं, सरकार. आज ते कबूलही झालं!”

राजा असा खदखदून हसला की झुल्यावरचा बोका दचकून उठला आणि त्याने अंग झाडलं. राजाच्या जरीच्या अंगरख्यावर पाण्याचा सडा! तरीही राजा हसतच होता. हसता हसताच त्याने नदीकाठचं सगळं कुरण धुरपाच्या मेंढरांना कायमचं चरायला देऊन टाकलं.